समोर काकडी, तरी उपाशी : गिनी पिगच्या दाढांचं दुखणं

फ्रिजचं दार उघडलं की शिट्ट्या मारणारा गिनी पिग एके दिवशी नेहमीसारखाच धावत येतो, काकडीची फोड हुंगतो, तोंडात धरतो आणि तशीच खाली टाकतो. पुन्हा उचलतो, पुन्हा टाकतो. घरातल्यांना वाटतं, काकडीचा कंटाळा आला असेल. मग गाजर देऊन बघतात, मग सफरचंद, मग पालक. यात दोन-तीन दिवस निघून जातात. दवाखान्यात नेईपर्यंत त्याच्या पाठीचं हाड हाताला टोचू लागलेलं असतं.

हे नखरे नव्हेत. नखरे करणारा प्राणी अन्नाकडे पाठ फिरवतो. हा धावत येतो, म्हणजे त्याला भूक आहे. टाकून देतो, म्हणजे त्याला चावता येत नाही. गिनी पिग पाळणाऱ्या प्रत्येकाने एवढा फरक ओळखायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं. दातांच्या दुखण्यात हा प्राणी भुकेनेच खंगतो, आणि तेही समोर ताट भरलेलं असताना.

तोंडात वीस दात, दिसतात चारच

गिनी पिगला एकूण २० दात असतात. पुढे वर दोन आणि खाली दोन असे चार पटाशीचे दात. ते पांढरे असतात आणि ओठ बाजूला केला की दिसतात. सुळे नसतातच. पटाशीच्या मागे बरीच मोकळी जागा, आणि त्यामागे दोन्ही जबड्यांत मिळून १६ दाढा. आपल्यासारखा मोठा ‘आ’ त्याला करता येत नाही. त्यात गालांचा आतला मांसल भाग मधल्या मोकळ्या जागेत आलेला असतो, त्यामुळे मागच्या दाढा पडद्याआड गेल्यासारख्या झाकलेल्या राहतात. घरी टॉर्च मारून त्या दिसत नाहीत. पशुवैद्यालाही त्यासाठी खास उपकरण लागतं, आणि पूर्ण तपासणीसाठी बहुतेक वेळा भूल द्यावी लागते.

‘आम्ही दात पाहिले, छान आहेत’ असं कुणी सांगितलं, तर त्याने चार दात पाहिले आणि सोळा पाहिलेच नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. दुखणं बहुतेक वेळा त्या सोळांत असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हे सगळे दात जन्मभर वाढत राहतात. आपल्या दातांची मुळं एका वयात बंद होतात, याच्या दातांची कधीच होत नाहीत. मांजर-कुत्र्याचा अनुभव असलेल्यांना हे नवीन वाटतं. उंदराचे पुढचे दात असे वाढतात हे आपल्याला ठाऊक असतं, पण गिनी पिगच्या दाढाही वाढतात. निसर्गाने हे उगाच केलेलं नाही. याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, दिवसभर चिवट गवत चघळणारे. गवतात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. ती दात झिजवते. जेवढं झिजलं तेवढं खालून वर येतं, असा तो हिशेब आहे.

हिशेब चुकला की काय होतं

दळणाचं जातं आठवा. दोन तळ्या एकमेकींवर नीट बसल्या असतील तर पीठ एकसारखं पडतं. वरची तळी जरा कलली, की एक बाजू जास्त घासते आणि दुसरी तशीच राहते. तसंच फिरवत राहिलं तर कल आणखी वाढतो, आपोआप सरळ होत नाही. गिनी पिगच्या दाढांचं असंच आहे, आणि भर म्हणजे या तळ्या रोज वाढतात.

त्याच्या दाढा मुळातच तिरप्या असतात. खालच्या जिभेकडे झुकलेल्या, वरच्या गालाकडे. झीज कमी पडली की खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढत जिभेवर येतात. दोन्हीकडून वाढून त्या जवळजवळ एकमेकींना भिडतात आणि जिभेवर कमान तयार होते. जीभ त्याखाली अडकते. घास मागे ढकलायचं काम जिभेचं असतं, तेव्हा अडकलेल्या जिभेचा प्राणी पाण्यावाचून आणि अन्नावाचून राहतो. वरच्या दाढांना गालाच्या बाजूला अणकुच्या फुटतात आणि गालाला आतून जखमा होतात.

दाढा उंच झाल्या की जबडा पूर्ण मिटत नाही. मग पुढचे दात एकमेकांवर घासत नाहीत आणि तेही लांब होतात, वाकडे होतात. म्हणजे पुढचे वाकडे दात हा बहुतेक वेळा परिणाम असतो आणि कारण मागे दडलेलं असतं. वर जागा उरली नाही की दाढेचं मूळ उलट दिशेनेही सरकतं. खालच्या जबड्याच्या कडेवर तेव्हा हाताला गाठी लागतात. वरच्या दाढांची मुळं डोळ्याजवळ असल्यामुळे एका डोळ्यातून सतत पाणी किंवा पांढरट स्राव येऊ लागतो. डोळ्यात थेंब टाकून आठवडे घालवलेले कितीतरी प्राणी खरं तर दातांचे रुग्ण असतात.

‘पण तो भाज्या भरपूर खातो की’

भाज्यांनी दाढा झिजत नाहीत. काकडी, कोथिंबीर, गाजर दोन-चार चावांत संपतं. पेलेट, म्हणजे कारखान्यात दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, तोंडात लगेच भुगा होतात. लाकडाचे तुकडे कुरतडायला दिले तर पुढचे चार दात कामाला लागतात, मागचे सोळा रिकामे बसतात. दाढा झिजतात त्या लांब धाग्याचं गवत जबडा मागे-पुढे करून तासन्‌तास चघळल्याने. म्हणून याच्या आहारात तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा गवताचा असावा आणि ते दिवसरात्र समोर असावं. पेलेट दिवसाला एक-दोन चमचे पुरे.

परदेशी माहितीत सगळीकडे टिमोथी गवत लिहिलेलं असतं. ते आपल्याकडे पाकिटात मिळतं, पण महाग पडतं, आणि मग लोक मूठभर देऊन भागवतात. मुठीने भागत नाही. आपल्या अंगणात, शेताच्या बांधावर उगवणारी हराळी यासाठी चांगली आहे. ताजीही आणि वाळवलेलीही. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हीच. फवारणी झालेल्या शेतातली आणि रस्त्याकडेची, जिथे कुत्री फिरतात तिथली आणू नये. ताजी द्यायची असेल तर थोड्यापासून सुरुवात करून वाढवत न्यावी. यंत्राने कापून ढीग केलेली लॉन लवकर आंबते, ती देऊ नये. लसूणघास जनावरांना पौष्टिक म्हणून सर्रास दिला जातो, पण त्यात कॅल्शियम जास्त असतं. वाढत्या वयाच्या पिल्लांना आणि गाभण मादीला तो चालतो. मोठ्यांना रोज दिला तर मूतखड्याचा धोका वाढतो. ज्वारीचा कोवळा हिरवा चारा नकोच. त्यात गुरांनाही बाधणारं विष असतं.

गवत भरपूर खाणाऱ्यालाही दातांचा त्रास होऊ शकतो. काहींच्या जबड्याची ठेवण जन्मतःच सदोष असते. काही वेळा उंचावरून पडून दात मोडतो, किंवा पिंजऱ्याची सळई चावून मुळाला इजा होते. मूतखड्यासारख्या वेगळ्याच आजाराने खाणं थांबलं, तर थोड्या दिवसांत दाढा वाढतात आणि मूळ आजार बरा झाला तरी चावता येत नाही. आजारी गिनी पिगचे दात पाहा, आणि दातांच्या रुग्णाचं बाकीचं शरीरही तपासा, असं जाणकार सांगतात ते यामुळे.

क जीवनसत्त्व इथे कुठून आलं?

बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस आणि गिनी पिग करत नाहीत. १९०७ साली नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी गिनी पिगांना फक्त धान्याच्या आहारावर ठेवलं, आणि त्यांना खलाशांना व्हायचा तोच स्कर्व्ही रोग झाला. या जीवनसत्त्वाच्या शोधाचा मार्ग त्या प्रयोगाने मोकळा केला. आज आपल्याकडेही कितीतरी घरांत अजाणता तोच प्रयोग चालू असतो : मका, गहू, पाव, बिस्किट आणि कधीतरी गाजर.

दात हाडात घट्ट धरून ठेवणारे धागे ज्या द्रव्याचे बनतात, ते तयार व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की दात खोबणीत सैल होतात, तिरके होतात आणि वाकडे झिजू लागतात. निरोगी प्राण्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारपणात जास्त. १०० ग्रॅम लाल ढोबळी मिरचीत ते शंभर मिलिग्रॅमहून अधिक असतं, म्हणजे रोज दोन-तीन पातळ कापा दिल्या तरी निरोगी प्राण्याची गरज बऱ्यापैकी भागते. पेरूतही भरपूर असतं, पण साखरही असते, म्हणून अधूनमधून छोटी फोड. पाण्यात थेंब टाकण्याची पद्धत मला पटत नाही : पाण्यात ते लवकर नष्ट होतं, आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो. पेलेटमधलं जीवनसत्त्वही पाकीट जुनं झालं की उरत नाही, म्हणून तयार झाल्याची तारीख पाहून घ्यावं.

तोंड दिसत नाही, मग कळणार कसं?

वजनावरून. यापेक्षा चांगली खूण घरात उपलब्ध नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, त्यावर एक भांडं, आणि आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी वजन. वहीत लिहून ठेवा. मोठा गिनी पिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅमचा असतो. वीस-तीस ग्रॅमचा चढउतार रोजचाच असतो. एक किलोच्या प्राण्याचं वजन ५० ग्रॅमने उतरलं तर रोज मोजायला लागा आणि खाताना नीट बघा. १०० ग्रॅम उतरलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. केसाळ अंगामुळे रोडावलेला प्राणी डोळ्यांना बरेच दिवस गुबगुबीतच दिसतो.

बाकीच्या खुणा बघायच्या त्या अशा : हनुवटी आणि छातीवरचे केस लाळेने ओले, घास एका बाजूने चावणं, गवत सोडून मऊ पदार्थांकडेच वळणं, लेंड्या कमी, लहान किंवा आकाराने वेड्यावाकड्या, आणि जबड्याखाली गाठ. गाठ गळूची असेल तर आतला पू दाट असतो, सुई टोचून निघून जात नाही. त्याला शस्त्रक्रिया लागते.

बारा तास काहीच पोटात गेलं नाही तर थांबू नका. या प्राण्याचं आतडं सतत आत येणाऱ्या तंतूंवर चालतं. अन्न थांबलं की आतडं मंदावतं, वायू धरतो, पोट फुगतं, यकृतावर चरबी साठू लागते. मग दात बरे केले तरी प्राणी हाती लागत नाही.

‘पुढचे दात घरीच नेलकटरने कापले तर?’

नको. कापताना दात उभा चिरतो आणि चीर मुळापर्यंत जाते. तिथून जंतू आत शिरतात आणि गळू होतं. शिवाय मुख्य अडचण मागे तशीच राहते. दात घासून उंची कमी करायचं काम फिरत्या बारीक उपकरणाने, भूल देऊन आणि जीभ-गाल बाजूला धरून करायचं असतं. त्याआधी कवटीचा एक्स-रे काढलेला असावा. मुळं किती वाढली आहेत, गळू आहे का, हाड कुठे पोखरलंय का, हे तोंडात बघून समजत नाही, आणि पुढे काय अपेक्षा ठेवायची हे त्यावरच ठरतं.

आपल्याकडच्या बहुतेक पशुवैद्यांचा हात गाई-म्हशींवर किंवा कुत्र्या-मांजरांवर बसलेला असतो. त्यात त्यांचा दोष नाही, पण ससे आणि गिनी पिग नेहमी पाहणारा डॉक्टर शोधणं तुमच्या हातात आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत असे डॉक्टर मिळतात. लहान गावातून प्रवास करावा लागतो, म्हणून प्राणी धडधाकट असतानाच पत्ता काढून ठेवलेला बरा. फोनवरच विचारा : मागच्या दाढा कशाने बघता? एक्स-रे काढता का? भूल कोणती देता? नंतर वेदनाशामक किती दिवस?

एवढ्याशा जिवाला भूल झेपेल?

धोका असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. प्राणी जितका अशक्त तितका धोका मोठा, म्हणून अगदी खंगलेल्याला आधी एक-दोन दिवस भरवून, सलाइन देऊन, ऊब देऊन उभं करतात. वायूच्या रूपात दिली जाणारी आयसोफ्लुरेनची भूल लवकर उतरते, म्हणून ती जास्त वापरली जाते. पण जिभेवर कमान झालेल्या प्राण्याला भूल न देणं म्हणजे त्याला उपाशी मरू देणं. धोके तोलताना हेही पारड्यात टाकायला हवं.

एक गोष्ट विशेष जपा. कुत्र्याला भुलेआधी रात्रभर उपाशी ठेवतात, कारण त्याला उलटी होऊ शकते. गिनी पिगला उलटी होत नाही आणि रात्रभराचा उपास त्याला घातक ठरतो. ‘उद्या सकाळी उपाशी आणा’ असं कुणी सवयीने सांगितलं तर नम्रपणे पुन्हा विचारा.

औषधं : मेडिकलमधून परस्पर काही नको

हा भाग कृपा करून घाईत वाचू नका. माणसांसाठी घरात असणारी अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि त्या कुळातली इतर प्रतिजैविकं गिनी पिगच्या तोंडावाटे गेली तर त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावू शकतो. क्लिंडामायसिन आणि एरिथ्रोमायसिनचंही तसंच. त्याला चालणारी प्रतिजैविकं वेगळी आहेत, एन्रोफ्लॉक्सासिन हे त्यातलं एक, आणि मात्रा वजनावर डॉक्टरच ठरवतात. वेदनाशामक म्हणून बहुधा मेलॉक्सिकॅम देतात. ते थांबवायची घाई करू नका. तोंड दुखत असेल तर दात बरोबर घासलेले असूनही तो खाणार नाही.

सिरिंजने भरवणं

दात घासून आणले की प्राणी घरी येऊन लगेच खाऊ लागेल, अशी अपेक्षा असते. पुष्कळदा तसं होत नाही. जबड्याचे स्नायू महिनाभर चुकीच्या ठेवणीत ताणलेले असतात आणि तोंडात जखमा असतात. काहींना दोन दिवस लागतात, काहींना दोन-तीन आठवडे. या काळात प्राणी जगतो तो घरच्यांच्या हातावर, म्हणून हे नीट शिकून घ्या.

क्रिटिकल केअर नावाची तंतुमय पावडर यासाठीच मिळते. ती नसेल तर चांगल्या प्रतीचे पेलेट कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमध्ये फिरवून, सिरिंजमधून जाईल इतपत पातळ करा. केळं, मध, लहान बाळाचं सिरियल, दूध यातलं काही नको. साखर आणि पिठाने आतडं आणखी बिघडतं. त्याला तंतू हवेत.

१ मिलिलीटरची सिरिंज घ्या आणि टोकाची नळी कापून तोंड रुंद करा. कापलेली कड गुळगुळीत आहे ना, ते बोट फिरवून बघा. प्राण्याला पंच्यात गुंडाळून मांडीवर, पाय खाली आणि डोकं सरळ, असं बसवा. उताणा कधीही नाही. घास श्वासनलिकेत जातो. सिरिंज पुढून न घालता पटाशीच्या मागच्या मोकळ्या जागेतून, बाजूने आत सरकवा. एका वेळी पाव ते अर्धा मिलिलीटर, आणि जबडा हलताना दिसेपर्यंत पुढचा घास नाही. तो चघळतोय हे महत्त्वाचं, कारण तेवढाच दाढांना आणि स्नायूंना व्यायाम. एक किलोच्या प्राण्याला दिवसभरात साधारण ६० मिलिलीटर खळ, पाच-सहा वेळांत विभागून. थोडाफार स्वतः खात असेल तर त्या मानाने कमी. वजन रोज सकाळी बघा, त्यावरून कळतं की पोटात पुरेसं जातंय का.

पहिले दोन दिवस तो डोकं फिरवेल, थुंकेल, तुमच्या कपड्यांवर हिरवे शिंतोडे उडतील. घाई केली तर ठसका लागेल. शांतपणे बोलत, थांबत थांबत केलं तर बहुतेक प्राणी तिसऱ्या दिवशी सिरिंज बघून तोंड पुढे करतात. रात्री उशिरा एक आणि पहाटे एक वेळ धरा, कारण हा प्राणी मुळात रात्रभर खाणारा आहे.

सिरिंजचं पोटभर झालं की तो गवताला तोंड लावणार नाही, अशी भीती काहींना वाटते. उपाशी ठेवून तो शिकत नाही, खंगतो. त्याच्यासमोर मऊ, बारीक, सुवासिक गवत सतत असू द्या, ढोबळी मिरची आणि गाजर काडेपेटीतल्या काडीएवढं पातळ कापून ठेवा. वजन स्थिरावलं की सिरिंजची एकेक वेळ कमी करा. जोडीदार असेल तर वेगळं करू नका. शेजारचा खाताना पाहून आजारीही प्रयत्न करतो. विदर्भ-खानदेशातल्या उन्हाळ्यात खोली गार ठेवायची काळजी दुप्पट घ्या. लाळ गळणाऱ्या प्राण्याच्या अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं आणि तीस अंशांच्या वर त्याला उष्माघाताचा धोका असतो.

हे किती दिवस चालणार?

कारणावर अवलंबून आहे. दुसऱ्या आजाराने खाणं सुटून दाढा वाढल्या असतील, किंवा क जीवनसत्त्वाची कमतरता लवकर लक्षात आली असेल, तर एक-दोनदा घासून आणि आहार सुधारून प्राणी पूर्ववत होतो. जबड्याची ठेवणच बिघडली असेल तर दर चार ते आठ आठवड्यांनी दात घासून घ्यावे लागतात, कदाचित आयुष्यभर. गिनी पिग पाच ते आठ वर्षं जगतो. दोन वर्षांच्या प्राण्याबाबत हा मोठा खर्च आणि मोठी बांधिलकी आहे. डॉक्टरांशी पैशांबद्दल पहिल्याच भेटीत मोकळेपणाने बोला. अर्ध्यावर उपचार सोडण्यापेक्षा ते प्राण्याच्याही हिताचं आहे.

दोन घासण्यांमधलं अंतर वाढतंय की घटतंय, हे वहीत दिसतं. वाढत असेल तर सुधारणा आहे. दर वेळी लवकर न्यावं लागत असेल, मुळं हाडाबाहेर येऊ लागली असतील, गळू पुन्हा पुन्हा होत असेल आणि वेदनाशामक चालू असूनही तो कोपऱ्यात अंग फुगवून बसत असेल, तर वेदनारहित मृत्यूचा विचार करणं क्रूरपणा नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘याला सध्या वेदना होत आहेत का, आणि त्या कमी करण्यासारखं काही उरलंय का?’ उत्तर ‘उरलंय’ असेल, तर पुढची तारीख ठरवून घ्या आणि तोवर वजन लिहीत राहा.